समोरच्या मांडवातला माझा हात

नवरात्र जवळ आलं की यवतमाळात सगळ्यात आधी बांबू येतात. ट्रकमधून उतरवताना ते एकमेकांवर आपटतात आणि त्या पोकळ आवाजानं चौकातली झोपलेली कुत्री उठून बसतात. मग मांडवाच्या कापडाचे गठ्ठे, मग मूर्तीच्या शेडमधला ओल्या मातीचा वास, मग दिवसभर तापून संध्याकाळी पांढुरकं पडलेलं आश्विनातलं आभाळ. कळंबच्या रस्त्याला कपाशीची बोंडं नुकती फुटायला लागलेली असतात. सोयाबीन काढणाऱ्या मशिनीची धूळ गावाच्या वेशीपर्यंत येते आणि ऑफिसातून स्कूटीवर घरी पोचेपर्यंत पापण्यांवर बसते. वातावरणच बदलून गेलं, असं लोक म्हणतात. माझंही बदलतं. लोकांना या दिवसांत देवी दिसायला लागते. मला प्रदीप दिसतो.

काळानं राग विरतो म्हणतात. माझा विरला नाही. वर्षभर हा राग कुठं असतो मला ठाऊक नाही. फायली, स्वयंपाक, पोरीची परीक्षा, आईचं दुखणं यांत त्याची आठवणही होत नाही. पण बांबू उतरले की तो येतो. आला की मला बरं वाटतं, हेही सांगून टाकते.

मी वैशाली. एका सरकारी कार्यालयात लिपिक आहे. आमच्या घरात आजोबांपासून सगळे नोकरीतच. वाजवणारी एकटी आई. तिचं माहेर कळंबचं, आणि तिथल्या बायकांच्या भजनी मंडळात ढोलक तिच्याकडे असायचा. ती वाजवायची तेव्हा मी तिच्या मांडीला टेकून बसायचे आणि तिच्या डाव्या हाताची घुमक माझ्या बरगडीत ऐकू यायची. मी ढोलक शिकले असं म्हणता येणार नाही. तो माझ्या अंगात आधीच शिरलेला होता, मी फक्त हात लांब केले.

प्रदीपभाऊंचा ग्रुप होता देवीच्या गाण्यांचा. यवतमाळात नवरात्र म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. गल्लीगल्लीत मांडव, आणि प्रत्येक मांडवाला संध्याकाळी काहीतरी पाहिजे. प्रदीपभाऊ कीबोर्ड वाजवायचे, कांचन गायची, मी ढोलकवर. बाकी मंजिरीवाले, कोरसवाले बदलत राहायचे, आम्ही तिघं मात्र कायम. बाई ढोलक वाजवते म्हणून लोक आधी बघायला यायचे आणि मग ऐकायला थांबायचे. एका अष्टमीला मला सडकून ताप होता. उठता येत नव्हतं. तरी गेले. प्रदीपभाऊंनी स्वतः चहा आणून दिला, माझ्या खांद्यावर शाल टाकली आणि माइकवर सांगितलं, "हे आमची दुर्गा हाय बरं का!" टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत मी तापातच वाजवलं आणि घरी येऊन पडले ती दसऱ्यापर्यंत. ते दिवस चांगले होते. हे म्हणतानाही मला चीड येते.

त्यापुढच्या श्रावणात त्यांनी नवा लॅपटॉप घेतला. आर्णी रोडवरच्या त्यांच्या घरामागच्या खोलीत खिडक्यांना गाद्या लावून त्यांनी रेकॉर्डिंगची सोय केली होती. मला म्हणाले, "वैशाली, तुया हाताचे ठेके रेकॉर्ड करून ठेवू. सरावाले कामी पडतीन. कांचनले घरी बसून गाता येईन."

मी विचारलं, "भाऊ, क्लिक लावता का कानात?" क्लिक म्हणजे ती टिकटिक, जिच्यावर लय धरून वाजवायचं असतं.

"कायले? तू आपल्या मनानं वाजव. तुया हाताले टिकटिक नाही पायजे."

मला ती स्तुती वाटली. गोंधळाचा ठेका, केरवा, दादरा, आरतीची दुडकी, सगळं वाजवलं. घाम गळत होता कारण पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद. एका ठेक्यात, समेवर येण्याच्या जरा आधी, माझ्या तोंडून "हं" निघालं. मला ती सवय आहे. आईलाही होती. मी म्हटलं, "हे पुन्हा घेऊ भाऊ, माझा आवाज आला मधी." ते म्हणाले, "राहू दे वं, कोणाले ऐकू येते!"

घटस्थापना आली आणि मला फोन आला नाही. मी केला. "यंदा कार्यक्रमच कमी घेतले," म्हणाले. "तू आराम कर. तब्येतीले जप."

मी खरंच आराम केला. तिसऱ्या माळेला आईला घेऊन देवी बघायला निघाले. आम्ही एका मांडवाच्या रांगेत उभ्या होतो. पुढे लाल पडदा, उदबत्तीचा धूर, लहान मुलं खांद्यांवर. आतून गाणं सुरू झालं, कांचनचा आवाज मी ओळखला आणि खूश झाले. ढोलक सुरू झाला. आई रांगेतच थांबली. मागचा माणूस तिच्यावर आदळला तरी हलली नाही.

"वैशाली," ती म्हणाली, "तू त इथं आहे. मंग हे वाजवून कोण राह्यलं?"

मी ऐकलं. घुमक माझी, थाप माझी. आणि मग समेच्या आधी, भोंग्यातून, सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं: हं. पुढचं आवर्तन, पुन्हा हं. पुढचं, पुन्हा तेच. माझा एक श्वास कापून घेतला होता आणि गिरणीच्या पट्ट्यासारखा फिरवत ठेवला होता. माणसं त्यावर डोलत होती. मला आपल्या अंगावरचं वस्त्र कुणी दुसऱ्यानं घातलेलं दिसावं तसं झालं. तेही धुऊन, आटवून, त्याच्या मापाचं करून. कारण तो ठेका माझा असूनही माझा नव्हता. माझा हात चालताना जरासा पुढे झुकतो. हा झुकत नव्हता. याला कुणीतरी ताठ उभा केला होता.

आरती झाल्यावर मी मंचाच्या मागे गेले. प्रदीपभाऊ वायरी गुंडाळत होते. मला बघून दचकले नाहीत, तेच मला जास्त लागलं.

"भाऊ, हे काय?"

"काय म्हणजे? तूच त वाजवून राह्यली! पाह्यलं नाही का, लोकं कसे डोलून राह्यलते तुया हातावर."

"मग मला काहून नाही बोलावलं?"

"हात आहे ना अठी." त्यांनी लॅपटॉपवर टिचकी मारली. "माणूस कायले पायजे?" मी लॅपटॉपकडे बघितलं, आणि त्यांना वाटलं असावं की पटलं. हसून म्हणाले, "अन् याले ताप नाही येत बाप्पा अष्टमीले."

आई माझ्यामागे उभी होती. तिनंही ऐकलं.

आपल्या भाषेत एक बरं आहे. कुणाला तोंडावर काही न म्हणता त्याचा मान काढून घेता येतो. त्या संध्याकाळी मी त्याला मनातल्या मनात एकेरीत आणलं. तोंडावर भाऊ, तुम्ही, या-बसा. मनात तो. आजवर तो तिथंच आहे.

सूड घ्यायचा हे मी त्याच रात्री ठरवलं असं म्हणणं सोपं होईल, पण तसं नव्हतं. आधी नुसती आग होती. ऑफिसात शिक्का मारताना जोरात मारायचे. पोळ्या लाटताना हात ठेक्यात जायचा आणि मी लाटणं ठेवून द्यायचे. ढोलकवर आईनं जुन्या साडीची खोळ चढवली. मग दिवाळीनंतर, थंडी पडल्यावर, मी पोरीचा कॉलेजातला जुना लॅपटॉप काढला आणि माझा हात कसा कैद केला गेला ते बघायला बसले.

त्या सॉफ्टवेअरच्या कोपऱ्यात एक आकडा असतो. मिनिटाला किती ठोके, तो टेम्पो. आत टाकलेला प्रत्येक लूप त्या आकड्याला बांधलेला. लूप म्हणजे आपलं आवर्तनच, फक्त ते कंटाळत नाही. आकडा वाढवला की लूप आकसतो, कमी केला की ताणला जातो. क्लिक ऐकत वाजवलेला लूप मुकाट बसतो. मनानं वाजवलेला बसत नाही. मग त्याच्या प्रत्येक ठोक्याला खूण लावून त्याला खेचून रेषेवर आणावं लागतं. मी घरी मनानं वाजवून रेकॉर्ड केलं आणि पडद्यावर बघितलं. माझा हात पळत होता. सुरुवातीला संथ, मग प्रत्येक आवर्तनाला केसभर पुढे, शेवटी चांगलाच पुढे. आधी मला लाज वाटली. एवढी वर्षं आपण बेतालच वाजवलं की काय! मग डोळे मिटून तेच पुन्हा ऐकलं. देवीचं गाणं असंच तर चढतं. बसलेली बाई आधी नुसती मान हलवते, मग टाळी धरते, मग उठते. तिला उठवायला लय उठावी लागते. प्रदीपनं माझ्या प्रत्येक ठोक्याला खिळा ठोकून ती उठणारी बाई खाली बसवली होती.

मग मी पायानं शिकले. एक पेडल घेतलं. ते दाबलं की वाजवत असलेलं तिथल्या तिथं रेकॉर्ड होतं आणि पुन्हा दाबलं की फिरायला लागतं. पाय समेवर पडला तर ठीक. जरा उशिरा पडला तर लूप जरासा लांब होतो, आणि ती जराशी लांबी प्रत्येक फेरीत साठत जाते. ढोलकचा लूप, त्यावर मंजिरीचा, त्यावर टाळीचा. थोड्याच वेळात तिघं तीन वाटांनी निघालेले. सुधीर, म्हणजे माझा नवरा, पेपर वाचता वाचता म्हणाला, "एक पाय आखूड असल्यासारखं वाजून राह्यलं तुझं." मी उशी फेकून मारली. पण खरं होतं. मग सापडलं की सॉफ्टवेअरला सांगता येतं, पाय कुठंही पडो, तू पुढच्या समेची वाट बघ आणि तिथंच लूप बंद कर. आणि त्याच्याही पुढे एक गोष्ट सापडली. दुसऱ्या पेडलवर पायानं ठोके दिले की तो कोपऱ्यातला आकडाच पायाप्रमाणे बदलतो. मी पुढे झुकले तर आकडा वाढतो, आणि फिरत असलेले सगळे लूप माझ्याबरोबर पुढे झुकतात. मशिनीनं मागून यायचं. मी पुढे.

तो फाल्गुन असेल. बाहेर पळस पेटला होता आणि मी आतल्या खोलीत एकटी हसत होते. आता मला ठाऊक होतं, काय करायचं ते.

एक दिवस कांचन आली. कॉलेजात शिकत होती तेव्हापासून ती आमच्याबरोबर गायली, मला ताई म्हणते. पाणी प्यायली आणि एकदम म्हणाली, "ताई, मले तुमच्याकडे घ्या. त्या डब्यासोबत नाही गाऊ शकत मी. श्वास घ्यायले जागाच नाही देत तो. तुम्ही असल्या की थांबत होत्या ना मायासाठी? तो थांबतच नाही."

"मग सांग ना भाऊंना."

"सांगतलं. म्हणे, तू श्वासाची प्रॅक्टिस कर."

मी तिला लगेच हो म्हणू शकले असते. म्हटलं, "हे नवरात्र होऊ दे. तोवर त्यांच्याकडेच गा." ती जरा नाराज झाली. तिला मी कारण सांगितलं नाही. तिनं तिथं असणं मला हवं होतं.

ज्या चौकात प्रदीपचा कार्यक्रम दर सप्तमीला ठरलेला, तिथं समोरासमोर दोन मांडव असतात. मधे रस्ता, एका रिक्षाला दुसरी रिक्षा ओलांडता येईल एवढाच. समोरच्या मंडळाला दरवर्षी त्याच्या भोंग्याखाली आपली आरती उरकावी लागायची. मी त्यांच्याकडे गेले. म्हटलं, सप्तमीला आम्ही येतो, आमच्या कॉलनीतल्या भजनी मंडळाच्या बायका आणि मी. त्यांचे अध्यक्ष खुर्चीतून उठूनच उभे राहिले.

ती संध्याकाळ मला दिसते ती रंगांत. दिवे नुकतेच लागले होते आणि आभाळात अजून उजेड होता, त्यामुळे दिवे खोटे वाटत होते. कॉलनीतल्या बायका हिरव्या साड्यांत, आई पहिल्या खुर्चीवर, गुडघ्यावर हात ठेवून. माझ्यापुढे ढोलक, पायाशी दोन पेडलं, बाजूला लॅपटॉप. समोर प्रदीप चमकत्या झब्ब्यात. त्यानं मला बघितलं आणि हात हलवला. चक्क हात हलवला! शेजारणीनं शेजारणीला करावा तसा. मीही केला.

त्यानं गोंधळाचं गाणं लावलं. मला ठाऊक होतं तो तेच लावणार, आणि ठाऊक होतं की आकडा एकशे चारचाच असणार. तो कधी बदलायचा नाही, कारण बदलला की खिळे निखळतात हे त्यालाही ठाऊक होतं. मी कानात इअरफोन घालून, आवाज बाहेर न सोडता, पायानं त्याच्या लयीवर ठोके देत राहिले. पडद्यावरचा आकडा हलला, डुगडुगला आणि स्थिरावला. मग त्याच्या समेवर माझी थाप पडली.

दोन्ही बाजूंनी मी वाजत होते. एकीकडे गेल्या वर्षीच्या श्रावणातली, घामेजलेली, खिळ्यांनी ठोकलेली, एकीकडे आजची. इतकी घट्ट बसले की लोकांना ते ठरवून केलेलं वाटलं. रस्त्यातली माणसं एकदा इकडे, एकदा तिकडे बघू लागली. बायकांनी टाळी धरली, मी ती पेडलनं उचलली, फिरवली. तिच्यावर मंजिरी चढवली. रस्त्यातल्या लोकांनीही टाळी धरली. प्रदीपनं अंगठा दाखवला. मी तशीच वाजवत राहिले, एक कडवं, दुसरं कडवं. घाई नव्हती. मला त्या टाळ्यांना माझ्या हाताची सवय लावायची होती.

आणि मग मी पाय जरासा पुढे टाकला.

अगदी जरासा. कुणाला कळलं नाही. माझी मंजिरी, माझी टाळी, सगळं माझ्याबरोबर पुढे आलं. लोकांची टाळी आली. टाळी नेहमी जिवंत माणसाकडे ओढली जाते, हे मी आईच्या मांडीशी बसून शिकले होते. पुन्हा जरासा. आता समोरचा ढोलक माझ्या मागे ऐकू यायला लागला, जिना चढताना दम लागलेल्या माणसासारखा. कांचनच्या कपाळावर आठी पडली. तिच्या एका कानात लॅपटॉप, एका कानात सगळा चौक. ओळीच्या शेवटी ती चौकाबरोबर आली. पुढच्या ओळीला धडपडून पुन्हा मागे गेली. आणखी एक ओळ, आणि मग ती मागे गेलीच नाही.

प्रदीपनं आवाज वाढवला. माझ्या मनात होतं त्याहून जास्त वाढवला. भोंग्यातून सगळ्या चौकावर माझा तो श्वास आदळला: हं. भलत्याच ठिकाणी. गाणं एकीकडे आणि हं एकीकडे. रस्त्यातली पोरं हसायला लागली. पुढच्या फेरीला त्यांनीच आधी म्हटलं, "हं!" आणि मागून भोंगा म्हणाला, हं. सगळा चौक हसला. माझंच हसं होत होतं आणि मला त्याचं काही वाटलं नाही. त्याच्या चेहऱ्यासाठी मी ते आनंदानं सोसलं असतं, कितीही वेळ.

तो घाबरून आकडा बदलायला गेला. तेच व्हायचं होतं. ढोलक आकसला, मंजिरी मागे राहिली, कोरस तिसरीकडेच लागला; डब्यात खडे भरून कुणी डबा हलवावा तसा आवाज. आणि एकदम सगळं बंद. त्यानं काय दाबलं कोण जाणे.

समोरचा मांडव मुका झाला. कांचन माइक धरून उभी. तिनं त्याच्याकडे बघितलं, मग रस्त्यापलीकडे माझ्याकडे. मी तिच्यासाठी एक आवर्तन नुसतं धरून ठेवलं, पूर्वी धरायचे तसं. तिनं पोटभर श्वास घेतला आणि अंतरा उचलला. त्याच्या मंचावर, त्याच्या माइकवर, त्याच्या भोंग्यातून ती माझ्या हातावर गायली. बायका उठल्या. रस्ता उठला. एक म्हातारी माझ्या मंचाला धरून घुमायला लागली. प्रदीपचे हात कीबोर्डवर होते, पण तो एकही सूर वाजवू शकला नाही, कारण आम्ही कुठं आहोत हेच त्याला सापडत नव्हतं. बराच वेळ तो तसाच उभा राहिला. मग लॅपटॉपचं झाकण लावलं. मी ते झाकण लागताना बघितलं आणि हात थांबवले नाहीत.

सुडानं समाधान मिळत नाही, असं पुस्तकांत लिहिलेलं असतं. ज्यांनी तो घेतलेला नाही त्यांनी लिहिलं असावं. मला समाधान मिळालं. भरपूर. घरी येताना ऑटोत माझे तळवे सुजून लाल झाले होते आणि मी ते गालाला लावून बसले होते.

दत्त चौक मागे पडल्यावर आई म्हणाली, "देवीसमोर असं नाही करू वैशाली."

"काय केलं मी? वाजवलंच तर आहे."

"मले नको शिकवू. मीनं ऐकलं नाही का, तू त्याले कसं ओढत ओढत नेलं ते. सूड घेतला तूनं. तेही मांडवात."

"आई, देवीच्या हातात काय फुलं आहेत का? पायाखाली कोण आहे तिच्या?"

आईनं बाहेर बघितलं. ऑटोवाला आरशातून आमच्याकडे बघत होता. मग तिच्या खांद्याला हिसका बसला. मला वाटलं रडते की काय. हसत होती. "कसा उभा होता तो," ती म्हणाली, "पोतं ठेवल्यासारखा."

दसऱ्याला दुपारी बेल वाजली. दारात प्रदीप, हातात आपट्याची पानं. आमच्याकडे त्या दिवशी सोनं घेऊन आलेल्याला परत पाठवत नाहीत. वर्षाचं भांडणही त्या पानावर मिटवायचं असतं. मी या म्हटलं. खुर्ची दिली. पाणी दिलं. त्या तीन दिवसांत त्याचे पुढचे सगळे कार्यक्रम तुटले होते आणि कांचन माझ्याकडे आली होती, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. तो वाळल्यासारखा दिसला. मला दया आली नाही. येईल म्हणून मी वाट बघितली, पण आली नाही.

"चुकलं मायं," तो म्हणाला. "सोनं घे. झालं गेलं सोडून दे."

"माझे ठेके आहेत ना तुमच्याकडे अजून? पुसा आधी."

त्यानं पिशवीतून लॅपटॉप काढला. घरूनच तयारीनं आला होता. माझ्यासमोर एकेक फाइल काढून टाकत गेला. शेवटची टाकून झाल्यावर झाकण लावेना.

"अजून काय?" मी विचारलं.

"मी वाटले ते," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "पेनड्राइव्हवर देल्ले लोकाइले. दिग्रसले देल्ले, पुसदले, दारव्ह्याले. डीजेवाल्याइनं मांगतले. चांगला हात आहे म्हणत."

स्वयंपाकघरात आईच्या हातातलं भांडं थांबलं. माझा हात कुठं कुठं वाजत असेल, कुणाच्या वरातीत, कुठल्या मिरवणुकीत, कुठल्या घोड्यावर बसलेल्या नवरदेवासमोर, याचा मी विचार केला. मग त्याच्या हातातलं पान घेतलं. घेतल्यावर उलट द्यायचं असतं. आईनं आतून ताटलीत माझ्यासाठी पानं ठेवली होती. मी ताटलीला हात लावला नाही.

"परत आणा," मी म्हटलं.

"काय?"

"दिलेले पेनड्राइव्ह. एकेक करून. सगळे आले की मी सोनं देईन."

सुधीर म्हणतो, असं काही परत येत नसतं. एकाचे दहा होतात, दहाचे शंभर, फोनमधून फोनमध्ये जातात. मला ते ठाऊक आहे. सॉफ्टवेअर मी त्याच्याहून बरं शिकले आहे. प्रदीपलाही ते ठाऊक असावं. तो आता घरी पोरांना कीबोर्ड शिकवतो, मंचावर जात नाही. पण दर दसऱ्याला येतो. एसटीनं कुठंकुठं जाऊन, कुण्या डीजेवाल्याच्या दुकानात हात जोडून, काहीतरी घेऊन येतो. एका वर्षी कळंबहून आणला, एका वर्षी दिग्रसहून, गेल्या वर्षी उमरखेडहून. तिथं दोनदा जावं लागलं म्हणाला. केस पिकले आहेत. जिना चढला की कठड्याला धरून जरा थांबतो.

मी पेनड्राइव्ह घेते. पान घेते. चहा करते, साखर त्याला कमी लागते ती कमीच टाकते.

"किती राहिले, भाऊ?"

"आहेत वं अजून," तो कपात बघत म्हणतो.

"बरं," मी म्हणते. "मग या पुढच्या साली."